वहीतली चूक कोण वाचणार?

(एका स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत आज गेलात, तर एकेका मुलाविषयी एवढी माहिती लिहिलेली सापडते की त्याच्या आजोबांविषयी सगळ्या सरकारी दप्तरांत मिळूनही तेवढी कधी नव्हती. आधार क्रमांक, यूडायस प्लसवरची नोंद, सरल प्रणालीतला विद्यार्थी क्रमांक, आता अपार आयडी, पोषण आहाराची रोजची हजेरी, उंची, वजन, मातृभाषा, बँकेचे खाते, आणि वर्षाकाठी होणाऱ्या चाचण्यांचे गुण. हे सगळे भरता भरता मुख्याध्यापकांचा आणि शिक्षकांचा किती वेळ जातो, ते इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. पण हे मूल वजाबाकीत नेमके कुठे अडते, जोडाक्षर आले की काय करते, सोमवारीच का गैरहजर असते, हे त्या सगळ्या माहितीत शोधायला जा. सापडत नाही. बाईंना ते ठाऊक असेल तर त्यांच्या डोक्यात आहे. ठाऊक नसेल तर कुठेच नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. मुलांच्या शिकण्याविषयीची माहिती शिकवण्याच्या कामी यावी असे वाटत असेल, तर तिचा पहिला वाचक वर्गातला शिक्षक असला पाहिजे. आणि ज्या माहितीवरून शिक्षकाला किंवा शाळेला जोखले जाणार आहे, तिच्याकडून शिकवणे सुधारण्याची अपेक्षा आपण सोडून दिली पाहिजे. मुलाला समजून घेणे आणि शाळेला जोखणे ही दोन्ही कामे एकाच कागदावर करायला गेलो, की पहिले काम मरते. गेली कित्येक वर्षे आपल्याकडे ते मरते आहे, आणि मला त्याचे फार वाईट वाटते.

आधी एक गणित घेऊ. माझा जन्म अध्यापक विद्यालयात गणित शिकवण्यात गेला, तेव्हा मला ते सोडवत नाही.

५२ वजा २७. उत्तर २५. तिसरीच्या वर्गात हे उदाहरण दिले की ३५ असे उत्तर लिहिणारी मुले हमखास निघतात. तपासणारा फुली मारतो, गुण शून्य, पुढची वही. पण हे ३५ आले कुठून? एक मूल एककाच्या घरात २ आणि ७ पाहते. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन वजा करते, पाच लिहिते. दशकाच्या घरात पाचातून दोन गेले, तीन. झाले ३५. दुसरे मूल दशक सुटा करते, बारातून सात व्यवस्थित वजा करते, पाच लिहिते, पण एक दशक आपण घेतला आहे हे पुढच्या घरात विसरते. पाचातून दोन गेले, तीन. त्याचेही ३५. दोघांचे उत्तर एक, दोघांच्या डोक्यात चाललेले मात्र वेगवेगळे. पहिल्याला ५२ ही एक अखंड संख्या आहे हेच उमगलेले नाही. त्याच्यासाठी दोन सुट्टे अंक शेजारी बसले आहेत. त्याला काड्यांचे गठ्ठे हातात द्यावे लागतील, गठ्ठा सोडून काड्या मोजायला लावाव्या लागतील, आणि त्याला कदाचित दोन आठवडे लागतील. दुसऱ्याला सगळे कळलेले आहे. त्याच्याजवळ बसून दोन उदाहरणे सोडवून घेतली की काम झाले.

आता ५२ च्या जागी ५३ ठेवा. ५३ वजा २७. पहिल्या मुलाचे उत्तर ३४ येईल, दुसऱ्याचे ३६. प्रश्नात एकच अंक बदलला आणि उत्तरपत्रिका बोलायला लागली. ‘तीनातून सात जात नाहीत’ म्हणून शून्य लिहिणाऱ्याचे उत्तर ३० येते. चिन्हाकडे न पाहता बेरीज करणाऱ्याचे ८०. उदाहरण तोंडी सांगितले असेल तर त्रेपन्न ऐकून ३५ लिहिणारे एखादे मूल असते. मराठीत तीन आधी आणि पन्नास नंतर ऐकू येतात, तसे ते लिहिते, मग ३५ मधून २७ नीट वजा करते आणि ८ हे उत्तर देते. म्हणजे त्याची वजाबाकी बरोबर आहे! अडचण संख्यालेखनात आहे. पाच मुलांची पाच चुकीची उत्तरे, आणि पाचांसाठी उद्या सकाळी करायची कामे पाच. संगणकावर मात्र पाचांपुढे एकच नोंद चढते : शून्य.

शिक्षकाला हवी असलेली माहिती मुलाच्या वहीतल्या चुकीत असते, आणि ती चूक वाचता येईल असा प्रश्न विचारणे हे मोठे कसब आहे. आपली प्रश्नपत्रिका राज्यभर एक असते, ती छापून येते, गुणांची बेरीज वर जाते आणि चुका रद्दीत जातात. आपण गोळा करतो ते नेमके टाकून देण्याजोगे, आणि टाकून देतो ते जपण्याजोगे.

यावर कोणी म्हणेल, एवढे बारीक पाहायला वेळ कुणाला आहे? रास्त प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर आपल्याच मुंबईत मिळालेले आहे.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर ‘प्रथम’ संस्थेचे काम मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुरू झाले. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे ही नावे आपल्याला परिचित आहेत. पुढे मुंबई आणि बडोदा इथल्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ उपक्रम चालला. तिसरी-चौथीला पोचूनही पहिली-दुसरीचे वाचन-गणित न आलेल्या पंधरा-वीस मुलांचा गट रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर बसायचा. त्यांना शिकवायची वस्तीतलीच एखादी मुलगी, साधारण माध्यमिक शिक्षण झालेली, थोडे प्रशिक्षण घेतलेली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाची शास्त्रशुद्ध चाचणी घेतली, २००७ साली तिचे निष्कर्ष छापून आले. मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली, आणि सर्वांत मागे असलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला. त्यातली आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. ही मुले बाहेर गेल्याने मूळ वर्गातला पट त्या वेळेपुरता कमी होत होता, तरी वर्गातच राहिलेल्या मुलांचे शिकणे त्यामुळे विशेष वाढले नाही. वर्ग लहान होणे पुरेसे ठरले नाही. मूल जिथे आहे तिथून शिकवायला सुरुवात होणे कामी आले.

यासाठी माहिती केवढी लागली? मूल अक्षर ओळखते का, शब्द वाचते का, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद वाचते का, दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचते का. एक कागद, एक मूल, काही मिनिटे. २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीत हेच साधन वापरतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्या कागदाचा मोठेपणा असा, की तो वाचायला तज्ज्ञ लागत नाही. मूल शब्दापाशी अडले, तर उद्या ते शब्दांच्या गटात बसेल. माहिती हाती आली की पुढची कृती तिच्यातूनच निघते. इयत्तेची भिंत बाजूला ठेवून दिवसातला एखादा तास मुलांना पातळीप्रमाणे बसवायचे, काही आठवड्यांनी पुन्हा पाहायचे, पुढे गेलेल्यांना पुढच्या गटात न्यायचे. ही पद्धत पुढे पार झांबियापर्यंत गेली. आपल्या द्विशिक्षकी शाळांना तर ती अधिकच सोपी आहे, कारण तिथे पहिली ते चौथीची मुले तशीही एकत्रच बसतात. ज्याला आपण त्या शाळांचे दुबळेपण समजतो, ते इथे बळ ठरते.

आता दुसरी बाजू पाहा, कारण इथे आपली दिशाभूल होते. माहिती हाती आली की सुधारणा आपोआप होईल, असे आपण धरून चालतो. तसे होत नाही, याचा पुरावा आपल्याच देशात आहे आणि तो भक्कम आहे.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २८० गावांमध्ये एक प्रयोग झाला. काही गावांत ग्रामस्थांना त्यांचे हक्क, गाव शिक्षण समिती आणि शाळेची स्थिती यांची माहिती देणाऱ्या सभा झाल्या. काही ठिकाणी त्याच्या जोडीने गावातल्याच लोकांना वाचनाचा तो साधा कागद देऊन मुलांची पाहणी करायला शिकवले. आपल्या मुलांना किती कमी येते, हे पाहून पालकांना धक्का बसला. पुढे काय झाले? शाळेत काही बदलले नाही. समिती जागी झाली नाही, शिक्षक जास्त शिकवू लागले नाहीत, मुले जास्त शिकली नाहीत. बदल झाला तो तिसऱ्या प्रकारच्या गावांत, जिथे गावातल्या तरुणांना वाचनवर्ग कसा घ्यायचा हे शिकवले आणि त्यांनी तो घेतला. त्या वर्गांना थोडीच मुले आली, पण आली ती वाचू लागली. धक्का बसलेल्या बापाला ‘मग आता मी काय करू?’ याचे उत्तर मिळाले तरच त्या धक्क्याला अर्थ असतो.

आंध्र प्रदेशातला अनुभव शिक्षकांपुरता आहे. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी शंभर शाळांतल्या शिक्षकांना वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्या मुलांच्या चाचणीचा सविस्तर अहवाल दिला. कुठल्या कौशल्यात वर्ग मागे आहे, तो कसा वाचायचा, त्याचा उपयोग कसा करायचा, सगळे त्यात होते. अधूनमधून वर्गभेटीही झाल्या, आणि त्या भेटींच्या वेळी शिक्षक अधिक तत्पर दिसले. वर्षअखेरीला इतर शाळांशी तुलना केली, तर मुलांच्या गुणांत फरक नव्हता. हरियाणात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची अशीच परीक्षा घेतली गेली. शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले, नोंदींचे तक्ते मिळाले, मुलांच्या शिकण्यावर परिणाम दिसला नाही. त्याच राज्यात, त्याच काळात, रोजचा ठरावीक वेळ काढून मुलांना पातळीप्रमाणे बसवून शिकवले तिथे हिंदी वाचन-लेखन सुधारले.

हे वाचून कोणी शिक्षकांना दोष देईल. मला तसे वाटत नाही. अहवाल सांगतो, तुझी बारा मुले भागाकारात कच्ची आहेत. परिपत्रक सांगते, या तारखेपर्यंत अभ्यासक्रम पूर्ण कर. पाठ्यपुस्तक पुढे धावते, पालकसभेत पान क्रमांक विचारले जातात. मग ती बारा मुले घेऊन मागे फिरायला त्या बाईंनी कोणाची परवानगी घ्यायची? शिकवण्याच्या वेळापत्रकात मागे वळायला जागा नसेल, तर माहिती कितीही अचूक असली तरी ती फक्त मनाला टोचणी लावते.

आता जोखण्याविषयी. हा रोग नवा नाही. १८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी शाळांचे अनुदान निकालाला बांधले. तपासनीस यायचा, एकेका मुलाचे वाचन, लेखन, अंकगणित पाहायचा, आणि मूल नापास झाले की दर विषयामागे दोन शिलिंग आठ पेन्स कापले जायचे. शाळांनी काय केले असेल, याचा अंदाज तुम्ही करू शकता. वाचनाचे पुस्तक मुलांकडून अख्खे पाठ करून घेतले. मॅथ्यू अर्नोल्ड हा कवी स्वतः शाळातपासनीस होता. त्याने या पद्धतीविरुद्ध वर्षानुवर्षे लिहिले. शतक संपण्याआधी इंग्लंडने ती मोडीत काढली. निकालावर अनुदान देण्याची रीत त्याच काळात आपल्या मुंबई इलाख्यातही येऊन गेली.

आपल्या काळातले उदाहरण मध्य प्रदेशातले आहे. तिथे ‘प्रतिभा पर्व’ नावाने राज्यभर मुलांची चाचणी होत असे. अभिजीत सिंग या अर्थशास्त्रज्ञाने त्यातल्या काही मुलांना तेच प्रश्न पुन्हा स्वतंत्रपणे दिले. सरकारी नोंदीत दिसणारी प्रगती त्या दुसऱ्या चाचणीत पुष्कळच उतरली. सर्वांत कच्च्या मुलांच्या बाबतीत फुगवटा सर्वांत जास्त होता. म्हणजे ज्या मुलांना शोधून काढण्यासाठी चाचणी घ्यायची, तीच मुले चाचणीने झाकून टाकली.

तिथे कुणाची नोकरी जाणार होती असेही नव्हते. तरी असे का व्हावे? कारण आपल्या यंत्रणेत वर जाणारा प्रत्येक आकडा हा जबाब असतो. शिक्षकाला अनुभवाने माहीत असते की कमी आकडा पाठवला तर मदत येत नाही, खुलासा मागणारे पत्र येते. ज्या दिवशी कमी आकड्याला उत्तर म्हणून एखादी साधनव्यक्ती शाळेत येईल आणि आठवडाभर त्या बारा मुलांना घेऊन बसेल, त्या दिवसापासून आकडे खरे यायला लागतील. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला तेव्हा पायाभूत चाचणीमागची कल्पना चांगली होती : प्रत्येक मूल शिकू शकते, म्हणून आधी ते कुठे आहे ते पाहा. कितीतरी शिक्षकांनी त्या काळात मनापासून काम केले, स्वतःच्या खिशातून साहित्य आणले, एकमेकांच्या शाळा पाहायला गाड्या करून गेले. पण लगोलग शाळा ‘प्रगत’ घोषित करण्याची घाई सुरू झाली, तालुक्यांची तालुक्यांशी चढाओढ लागली, आणि चांगल्या कल्पनेचा जीव टक्केवारीत अडकला.

वर्णनात्मक नोंदींचे तर मला फार दुःख आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याला धरून २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आपल्याकडे आकारिक आणि संकलित मूल्यमापन आले. मुलाविषयी शिक्षकाने आपल्या शब्दांत लिहावे, ही केवढी सुंदर गोष्ट! कोल्हापूरला लीलाताई पाटील यांच्या सृजन आनंद विद्यालयाने हे त्याच्या किती आधी करून दाखवले होते. पण चाळीस मुले, सगळे विषय, दोन सत्रे, आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांना रकाना भरलेला हवा. मग बाजारात तयार नोंदींची पुस्तके आली, पुढे त्यांच्या पीडीएफ फिरू लागल्या. ‘वर्गकार्यात आनंदाने सहभागी होतो.’ ‘अक्षर सुवाच्य काढते.’ ‘परिसराविषयी जिज्ञासा दाखवतो.’ ही वाक्ये महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलापुढे लिहिता येतात, म्हणून ती कोणत्याच मुलाविषयीची नाहीत.

याउलट मेळघाटातल्या एका शिक्षिकेच्या साध्या वहीत पाहिलेली नोंद सांगतो. ही वही कोणी मागितलेली नव्हती. ‘घरी कोरकू बोलतात. चित्र दाखवले की कोरकूत भरभर सांगते, मराठीत विचारले की गप्प. आज धाकट्या भावाला घेऊन आली, त्याला गोष्ट वाचून दाखवत होती, एकही शब्द अडला नाही. माझ्यासमोर अडते.’ चार ओळी आहेत. या मुलीची चाचणी उद्या कशी घ्यायची, तिला कोणाशेजारी बसवायचे, तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे की नाही, सगळे त्या चार ओळींत आहे. अशा नोंदी सर्व मुलांच्या, सर्व विषयांच्या रोज होणार नाहीत, होऊही नयेत. आठवड्याला पाच मुलांच्या झाल्या तरी चाळीसांच्या वर्गात दोन महिन्यांत प्रत्येक मूल एकदा नीट पाहिले जाते.

हजेरीचेही तसेच. हजेरीपट हा शाळेतला सर्वांत जुना दस्तऐवज, आणि तो आपण फक्त उभ्या बेरजेत वाचतो : आज पटावर ३४, हजर २९. तोच आडवा वाचून पाहा, एकेका नावापुढे. सरासरी हजेरी उत्तम असलेल्या वर्गातही एखादी मुलगी दर मंगळवारी नसते. मंगळवारी गावचा बाजार असतो, आई भाजी घेऊन जाते आणि हिला धाकट्यापाशी थांबावे लागते. भाषेचा नवा पाठ बाई मंगळवारी सुरू करत असतील, तर ती प्रत्येक पाठाला मध्येच येऊन मिळते. तिचे वाचन कच्चे का, याचे उत्तर चाचणीत मिळणार नाही. ते त्या आडव्या ओळीत आहे, आणि त्यावरचा पहिला उपाय फुकट आहे : नवा पाठ बुधवारी सुरू करायचा.

बीडकडच्या शिक्षकांना याहून कठीण हजेरी ठाऊक आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मुले आईबापांबरोबर जातात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मधले पाच-सहा महिने ते मूल एका शाळेच्या पटावर आणि दुसऱ्या तालुक्याच्या, कधी दुसऱ्या राज्याच्या फडावर असते. त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्डाची सोय झाली. मूल जाईल त्या गावच्या शाळेने ते कार्ड पाहून त्याला वर्गात बसवायचे. शिकण्याच्या माहितीचा याहून थोर उपयोग मला सुचत नाही. पण तिकडच्या बाईंच्या हाती पडणाऱ्या कार्डावर नाव, इयत्ता आणि शाळा एवढेच असले, तर ते ओळखपत्र होते. त्यावर ‘शब्द वाचतो, काना-मात्रा येतात, जोडाक्षरे सुरू केली होती, दशक सुटा करून वजाबाकी येत नाही’ एवढ्या दोन ओळी असल्या, तर त्या अनोळखी बाई पहिल्याच दिवशी त्याला शिकवू लागतील. ज्या मुलाची शाळा वर्षातून दोनदा बदलते त्याची माहिती त्याच्याबरोबर चालली पाहिजे, आणि ती शिकवता येईल अशी असली पाहिजे.

इथे आधारविषयी बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असे सांगितले. तरीही आपल्याकडे शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता आधार पडताळणी झालेल्या पटाशी जोडली गेली. जनरल रजिस्टरमधले नाव आणि आधारवरचे नाव एका वेलांटीने जुळले नाही की ते मूल यादीत अवैध. दुसऱ्या बाकावर बसून कविता म्हणणारे मूल अवैध! हा शब्द कोणत्याही मुलापुढे कोणीही लिहू नये. माहितीतली चूक ही माहितीची चूक असते, मुलाची नव्हे.

माहिती मुलाची आहे, हेही आपण विसरतो. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर गुणांची यादी टाकणे, अप्रगत मुलांची नावे भिंतीवर लावणे, फोटोसह नोंदी इकडून तिकडे पाठवणे, हे सर्रास चालते. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. कायद्याचे कायदा पाहील. पण दुसरीत असताना वाचता येत नव्हते, ही नोंद एखाद्याच्या मागे दहावीपर्यंत का लागावी? शिकण्याच्या नोंदीचे आयुष्य ती पायरी ओलांडेपर्यंत. पुढच्या वर्गात गेल्यावर ती पुसली जावी.

पुण्यात आता विद्या समीक्षा केंद्र उभे आहे. चाचण्यांचे गुण शिक्षक चॅटबॉटवर भरतात, मोठ्या पडद्यावर जिल्हे रंगांनी दिसतात. यंत्रांना माझा विरोध नाही. पाच मुलांची पाच उत्तरे वेगळी करून दाखवणारे साधन एखाद्या तरुण अभियंत्याने केले, उत्तरपत्रिकेचा फोटो काढला की ३४ वाली मुले एकीकडे आणि ३६ वाली दुसरीकडे अशी यादी बाईंच्या फोनवर त्याच संध्याकाळी आली, तर मी त्याचे जाहीर आभार मानीन. आज वाहतूक एकाच दिशेने आहे. शिक्षक भरतात, परत काही येत नाही.

यावर अधिकारी मंडळी म्हणतात, खालून प्रत्येक मुलाची माहिती आली नाही तर राज्याचे नियोजन कसे करायचे? उत्तर ‘असर’च्याच पद्धतीत आहे. जिल्ह्यातली तीस गावे आणि प्रत्येक गावातली वीस घरे, म्हणजे सहाशे घरे, एवढ्यावर जिल्ह्याचे चित्र उभे राहते. त्याच पाहणीतून आपल्याला कळले की ग्रामीण भारतात तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०२२ मध्ये २०.५ टक्के होती आणि २०२४ मध्ये २७.१ टक्के झाली. महामारीने केलेले नुकसान आणि त्यातून झालेली भरपाई, दोन्ही कळले. त्यासाठी देशातल्या प्रत्येक शिक्षकाला प्रत्येक मुलाचा प्रत्येक गुण संगणकावर चढवावा लागला नाही. राज्याला धोरण ठरवायचे असेल तर त्याने निवडक शाळांत, बाहेरच्या माणसांकडून, शाळेचे नाव जाहीर न करता दरवर्षी पाहणी करावी आणि तिचे निष्कर्ष उघडपणे छापावेत. प्रत्येक मुलाचा तपशील वर्गात राहू द्यावा. तपासणीला येणाऱ्यांनी तो पाहायला मागू नये. मागितला, की तयार नोंदींची पुस्तके परत विकली जाऊ लागतील.

इथे शिक्षण समितीचे सदस्य आणि केंद्रप्रमुख मोठ्या संख्येने आले आहेत, म्हणून त्यांच्या हातात असलेली एक गोष्ट मागतो. तिला शासन निर्णय लागत नाही, पैसाही लागत नाही. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होतेच. तिच्यात परिपत्रके वाचली जातात, आणि ती तर सगळ्यांच्या फोनवर आधीच आलेली असतात. पुढच्या परिषदेला प्रत्येक शिक्षकाने तिसरी-चौथीच्या पाच मुलांच्या वह्या आणाव्यात, नावावर कागद चिकटवून. ५३ वजा २७ सारखी चार उदाहरणे त्यात सोडवलेली असावीत. चार-चार शिक्षकांनी एकत्र बसून प्रत्येक चुकीच्या उत्तरापुढे ते कसे आले असेल ते लिहावे, एकमत होत नसेल तिथे वाद घालावा, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलालाच विचारावे, ‘हे तू कसे केलेस, मला सांग.’ मुले फार छान सांगतात. गेल्या महिन्याच्या वह्यांवर जे ठरले ते करून पाहिले का, मूल पुढे सरकले का, यावर पुढच्या परिषदेचा पहिला तास द्यावा. केंद्रप्रमुखांनी त्या तासाचा अहवाल वर पाठवू नये. वजाबाकी झाली की गुणाकार घ्यावा, मग जोडाक्षरे. इथल्या तीन केंद्रांनी तयारी दाखवली, तर साधने करायला आणि तुमच्याबरोबर वह्या वाचायला मी येईन. तारखा आजच ठरवू.